गणपतीला कुलपात ठेवून गेलेली

माधव नगरात सुनंदा पोतनीस हे नाव काढलं की काही बायका अजून तोंड वाकडं करतात. 'गणपतीला कुलपात ठेवून गेली होती, तीच न?' होय, तीच. गणपती बसलेलं घर एकटं टाकायचं नाही, घरात कोणी न कोणी पाहिजेच, ही आमच्याकडची रीत. दरबाराच्या काळापासून उज्जैनला असलेली मराठी घरं असोत की बँकेच्या बदलीनं काल आलेली, ही रीत कोणी मोडत नाही. सुनंदानं मोडली. का मोडली ते ह्या बायका विचारत नाहीत. मग मीच सांगतो. कोणाला लागलं तर लागू द्या.

सुनंदा मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका. पन्नाशी उलटलेली, मैदानातल्या उन्हानं रापलेली. आवाज असा की टावर चौकातल्या गर्दीत हाक मारली तर चारी रस्त्यांवरची माणसं वळून बघतील. लग्न केलं नाही. कोणी खोचून विचारलं तर म्हणायची, "सीटी फुंकता फुंकता राहून गेलं." राहायची भावाकडे. भाऊ भय्यासाहेब, वीज मंडळातून रिटायर झालेले. पोतनीस म्हणजे कधीकाळी खजिन्यावरची माणसं. खजिना केव्हाच गेला, मानेचा ताठा तेवढा घरात राहिला.

आणि वहिनी, विनोदिनी. लग्न होऊन आली तेव्हा सुनंदा शाळेत होती. तिच्या वेण्या हिनं घातल्या, तिची पहिली पाळी हिनं निभावली, बापाचा मार हिनं मध्ये पडून खाल्ला. दोघी नणंद-भावजय कमी, बहिणी जास्त. तरी विनोदिनी शेवटपर्यंत तिला 'वन्सं' आणि 'तुम्ही'च म्हणत राहिली. घराण्याचं वळण.

मुलगा विहंग दहावीला होता त्या वर्षी विनोदिनीचं बिनसलं. आधी झोप गेली. पहाटेपर्यंत घरातली भांडी काढून घासायची. मग बोलणं वाढलं, इतकं की समोरच्याला श्वास घेऊ देईना. कपाटातल्या साड्या भाजीवालीला, दूधवाल्याच्या बायकोला वाटून टाकल्या. घाटावर जाऊन अनोळखी यात्रेकरूंना सांगायची की क्षिप्रा साफ करायचा हुकूम मलाच मिळाला आहे. यात्रेकरू काय, भोळे. एकदोघांनी पाया पडून घेतलं. ह्या शहरात माणूस जितका बिघडलेला तितके त्याचे पाय जास्त धरले जातात. काही आठवड्यांनी ती भिंतीकडे तोंड करून निजली ती उठेचना. केस जटांसारखे झाले. जेवण भरवावं लागायचं.

भय्यासाहेबांनी काय केलं? जे उज्जैनात सगळे करतात ते. कोणी ग्रह सांगितला, कोणी पितर सांगितले, कोणी नदीकाठचं झाड सांगितलं. आपल्या गावात डोकं दुखलं तरी शांत करायला एक ग्रह तयार असतो, आणि तो ग्रह शांत करायला एक दुकान. मी श्रद्धेला शिव्या देत नाही. पण बाई भिंतीकडे तोंड करून सुकून राहिली आहे आणि तुम्ही तिला ओल्या साडीत हवनापुढे बसवता, तेव्हा माझं डोकं फिरतं.

पूजांनी काही झालं नाही तेव्हा एका नातेवाइकानं अक्कल दिली: झोपेच्या गोळ्या वाटून डाळीत घाला, तिला कळणारही नाही. भय्यासाहेब तयार झाले. सुनंदा वाटी हातात घेऊन उभी राहिली.

"चोरून द्यायचं? अरे दादा, उद्या तिला कळलं तर आपल्या हातचं पाणीसुद्धा नाही पिणार ती. मग काय करशील?"

"मग तू सांग काय करायचं! तिला जाऊन म्हणू का, चल तुला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतो?"

"हो. तेच म्हणायचं."

आणि ती तशी गेली. हे मला विनोदिनीनं स्वतः सांगितलं आहे, पुढे ती बरी असताना. सुनंदा पलंगाच्या त्या बाजूला, भिंत आणि पलंगाच्या फटीत जाऊन जमिनीवर बसली, कारण वहिनीचं तोंड तिकडे होतं.

"वहिनी, तू आजारी आहेस."

वहिनीनं डोळे उघडले. "वेड लागलं का हो मला, वन्सं?"

"ते मला नाही माहिती. मी कवायत शिकवते. पण तुला झोप नाही, भूक नाही, तू रडून राहिली आहेस. हे दुखणं आहे. दुखण्याचा डॉक्टर असतो. मी सोबत येते. आत तुला जे बोलायचं ते तू बोल, मी बाहेर बसीन. हाक मारलीस तर आत येईन."

"आणि हे?"

"दादाला मी बघते न."

"शॉक देतील?"

"तुला विचारल्याशिवाय काही नाही देणार. आणि जबरन द्यायला आलेच तर आधी मला द्यावा लागेल. त्यांची मशीन जळून जाईल."

विनोदिनी हसली. किती महिन्यांनी कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तिनं केस विंचरू दिले आणि रिक्षात बसली.

माझी त्यांची ओळख त्या दवाखान्याच्या बाकावरची. मी माझ्या धाकट्या भावाला घेऊन जायचो. सुनंदा दारात थबकली आणि मला म्हणाली, "भाऊ, चपला बाहेर काढायच्या का इथे?" मी म्हणालो, "नाही ताई, हे मंदिर नाही." ती म्हणाली, "चला, ह्या गावात एक तरी जागा सापडली." तेव्हापासून आम्ही सात-आठ घरं मिळून एक गट चालवतो. कोणाचं माणूस बिघडलं तर कुठे न्यायचं, काय बोलायचं, काय बोलायचं नाही, एवढंच काम. सुनंदा त्यातली सगळ्यात खडूस. आणि सगळ्यात कामाची.

डॉक्टरीणबाईंनी विनोदिनीला लिथियम सुरू केलं. नीट समजावलं. वेळोवेळी रक्त तपासायचं. पाणी भरपूर प्यायचं. मीठ तोडायचं नाही. झोप चुकवायची नाही. उलट्या-जुलाब झाले, हात जास्त कापायला लागले तर लगेच यायचं, कारण हे औषध अंगात प्रमाणाबाहेर साठलं तर विष होतं. सुनंदानं सगळं पाठ केलं. आणि विनोदिनी उभी राहिली. झोपायला लागली, स्वयंपाक करायला लागली, हळदीकुंकवाला जाऊन आली. घरात हसण्याचा आवाज परत आला.

भय्यासाहेबांची एकच अट होती. बाहेर कळता कामा नये. कोणी विचारलं तर थायरॉइडची गोळी म्हणायचं. सुनंदा कुरकुरली, पण मानलं. वहिनी बरी आहे न, मग म्हणा थायरॉइड. इतकी वर्षं ते खोटं घरात चटईसारखं अंथरलेलं राहिलं. कोणाला टोचलं नाही.

मग विहंगचं लग्न ठरलं. मुलगी ऋता, देवासची, मराठीच. तिची आई शर्वरीबाई व्रतवैकल्यांची पक्की. देवासकडची ही मंडळी इकडच्या माळवी बायकांसारखी हरतालिका निर्जळी करतात, पाण्याचा थेंब नाही, आणि रात्रभर जागरण. पोतनिसांकडे मात्र हरतालिकेला दूध-केळं चालायचं, आरती झाली की बायका झोपून जायच्या. शर्वरीबाईंनी प्रेमानंच फोन केला: ह्या वर्षी मी उज्जैनला येते, आपण दोघी विहिणी मिळून करू, मुलांच्या नव्या संसारासाठी. विनोदिनी हो म्हणाली. नाही कसं म्हणणार? नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्याआधी श्रावणातही तिनं सोमवार धरले होते, अळणी. नंतर तर रोजचंच मीठ कमी करून टाकलं. मुलाच्या लग्नासाठी म्हणून. सुनंदा तेव्हा शाळेच्या स्पर्धांसाठी मुलींना घेऊन या गावाहून त्या गावाला हिंडत होती. घरी आली की विचारायची, तर वहिनी म्हणायची, "चिमूटभर घालते हो."

हरतालिकेच्या दिवशी सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरात उभी. बाहेरच्या खोलीत वाळूची पिंडी, शेजारच्या बायका, शर्वरीबाई. भाद्रपदाची उमस, पंखे फिरूनही घाम.

"वहिनी, पी."

"वन्सं, त्यांच्यासमोर नको."

"त्यांच्यासमोर नाही, माझ्यासमोर पी. इथे कोण बघतंय?"

"देव बघतो न."

भय्यासाहेब आत आले. आवाज दाबून म्हणाले, "सुनंदा, तमाशा नको. एक दिवस पाणी नाही प्यायली तर काय मरून जाईल?"

"डॉक्टरनं काय सांगितलं होतं?"

"डॉक्टरला विहीण सांभाळायची नाही. मला सांभाळायची आहे."

विनोदिनीनं हात जोडले. नवऱ्याला नाही, सुनंदाला. सुनंदानं तांब्या खाली ठेवला. बायका रात्रभर गात बसल्या, विनोदिनीही बसली.

सकाळी उपास सुटला. रात्रीची राहिलेली गोळी आणि सकाळची, दोन्ही तिनं एकदमच घेतल्या. तिला वाटलं, भरपाई झाली. त्या दिवशी गणेश चतुर्थी. घरात घाई. विनोदिनी मोदकाची पारी हातात धरायला गेली तर बोटं अशी थरथरली की पिठाचा गोळा खाली पडला. दोनदा उलटी झाली. "पित्त," भय्यासाहेब म्हणाले. सोवळं नेसून ते पाटावर बसले होते. "पूजा होऊ दे, मग बघू." गणपती बसला. आरतीला विनोदिनी दार धरून उभी होती, झुलत होती. आरती संपायच्या आत ती खाली कोसळली.

विहंगनं गाडी काढली. सुनंदा पर्स उचलून दाराशी पोचली तर भय्यासाहेबांनी हात आडवा केला.

"तू थांब. गणपती बसला आहे, घर एकटं नाही टाकता येत."

"तू थांब मग. मी जाते. तिच्या औषधाचं मला माहिती आहे."

"म्हणूनच थांब. तू तिथे तोंड उघडशील."

शर्वरीबाई गाडीत विनोदिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. विहंग म्हणाला, "आत्या, आम्ही आहोत न." वेळ घालवायची नव्हती. भय्यासाहेब पुढे बसून गेले, सुनंदा मागे राहिली.

समईपुढे ती बसली, उठली, बसली. भावाला फोन लावला, उचलला नाही. शेवटी विहंगनं उचलला.

"काय म्हणाले?"

"उपास आणि उमस म्हणून राहिले आहेत. सलाइन लावलं. अंग खूप दुखतं म्हणत होती, त्याचं इंजेक्शन दिलं आहे."

"लिथियम सांगितलंस?"

विहंग पलीकडे कोणाला तरी 'आलो, आलो' म्हणाला.

"विहंग, मी काय विचारून राहिली आहे?"

"डॉक्टरांनी विचारलं होतं, कोणतं औषध चालू आहे का. बाबा म्हणाले, कोणतंच नाही."

"आणि तू?"

"आत्या, ऋताची आई इथेच उभी आहे."

थायरॉइडसुद्धा म्हणाले नाहीत. थायरॉइड म्हटलं असतं तर डॉक्टरनं गोळीचं नाव विचारलं असतं.

सुनंदानं गोळ्यांची पट्टी घेतली. गणपतीकडे बघून म्हणाली, "तू आपला बस. मी येते." आणि बाहेरून कुलूप लावलं. समोरच्या घरातली बाई गच्चीवरून ओरडली, "अरे दीदी, गणेशजी को अकेले छोड़ के?"

"वो सँभाल लेंगे अपने को," सुनंदा स्कूटीला किक मारत म्हणाली. "मेरी भाभी नहीं सँभाल पाएगी."

दवाखाना फ्रीगंजातला एक छोटा, खासगी. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. जे सांगितलं त्यावर त्यांनी उपचार केला. कॉरिडॉरमध्ये भय्यासाहेब, विहंग, शर्वरीबाई. सुनंदा त्यांच्याजवळ थांबली नाही, सरळ ड्यूटीवरच्या डॉक्टरपुढे गेली. तिचा आवाज तर सांगितलाच आहे. सगळ्या वॉर्डनं ऐकलं.

"इनको लिथियम चालू है. दिमाग की बीमारी की दवा. कई साल से. कल पूरा दिन पानी नहीं पिया, नमक भी बंद किया हुआ है, और आज सुबह दो गोली साथ में खाई है. ये लो गोली का पत्ता."

डॉक्टरनं पट्टी उलटसुलट करून बघितली. "पर इनके पति ने तो मना किया था."

"झूठ बोला था."

तो तरुण डॉक्टर एकदम उठला. नर्सला हाक मारली, दुखण्याची दुसरी सुई भरून ठेवलेली होती ती थांबवली. ती सुई अशा पेशंटला देत नाहीत, लिथियम आणखी चढतं. पहिली आधीच गेली होती. रक्त पाठवलं, इंदूरला फोन लावला, अँब्युलन्स मागवली. विनोदिनी तोवर कोणाला ओळखत नव्हती, अंग झटके देत होतं.

आणि भय्यासाहेब? ह्या सगळ्यात त्यांची नजर बायकोवर नव्हती. ती शर्वरीबाईंवर होती. त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न चालला होता. हे सुनंदानं मला सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा तिचे डोळे भरलेले बघितले. रागानं भरलेले होते. दुःख बहुतेक मागाहून आलं असेल.

इंदूरला डायलिसिस करून रक्त धुतलं. विनोदिनी वाचली. शुद्धीवर आली तेव्हा जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत चिकटलेले. बसवलं तर तोल जायचा, पेला तोंडाशी नेताना अर्धं पाणी छातीवर. मेंदूचा जो भाग तोल आणि बोलणं सांभाळतो त्याला इजा झाली होती. डॉक्टरांनी काही लपवलं नाही: थोडं सुधारेल, सगळं परत येणार नाही. आमच्या गटात लोक आता मला विचारतात, मग ते औषधच वाईट का? नाही. त्याच औषधानं त्या बाईला इतकी वर्षं जगवलं. त्याच्यासोबत पाणी लागतं, मीठ लागतं, आणि खरं बोलणारा माणूस लागतो. पोतनिसांकडे तिसरी वस्तू कमी पडली.

शर्वरीबाई भेटायला आल्या. सगळ्यांसमोर भय्यासाहेबांना म्हणाल्या, "लग्नाला माझी ना नाही. पण भय्यासाहेब, मी तिथे उभी होते म्हणून तुम्ही बोलला नाहीत? मी कधी म्हटलं होतं का, मला आजारी विहीण नको?" लग्न झालं, साधंसं. विहंग आणि ऋता पुण्याला निघून गेले. विहंग फोन करतो. आत्याशी बोलताना अजून अडखळतो.

भय्यासाहेबांची अक्कल मात्र तिथेच अडकलेली. घरी आणल्या दिवसापासून त्यांनी कॉलनीत सांगायला सुरुवात केली की हिला लकवा झाला. लकवा कसा, इज्जतदार आजार. कोणालाही होतो. त्यावर लोक उपाय घेऊन यायला लागले. कोणी मालिशवाला पाठवला, कोणी म्हणालं कबुतराचं रक्त चोळा. आणि एक-दोन बायकांनी हळूच असंही म्हटलं की गणपतीला कोंडून गेल्याचं हे फळ. भय्यासाहेबांनी ते ऐकून घेतलं. 'नाही' म्हणाले नाहीत. बहिणीकडे बघितलं, बस.

सुनंदा त्या दिवशी मला म्हणाली, "ओंकार, एक सांगू? दोष माझ्यावर ढकलू दे, चालेल. माझी पाठ रुंद आहे. पण लकवा म्हटलं की मनाचा डॉक्टर बंद. मग ती पुन्हा भिंतीकडे तोंड करेल, आणि ह्या वेळी तिला उठवायला काय आहे माझ्याकडे? आता तर ते औषधही नाही देता येत."

झालंही तसंच. नवीन गोळ्या इंदूरहून लिहून दिल्या होत्या, त्या अर्ध्याच लागू पडत होत्या. तपासणीची तारीख आली तेव्हा भय्यासाहेब दारात खुर्ची टाकून बसले.

"लकव्याच्या पेशंटला तिकडे कशाला? कोणी बघितलं तर काय सांगायचं?"

"खरं सांगायचं," सुनंदा म्हणाली.

"तू सांग. सगळ्या गावाला सांगून झालंच आहे तुझं. ती नाही जाणार."

"तिला विचार."

"तिला काय कळतंय!"

विनोदिनी पलंगावर बसलेली होती. तिनं दोघांकडे बघितलं. मग हातानं पलंगाची कड धरली आणि उठली. सुनंदा पुढे झाली तर तिनं मानेनं नको म्हटलं. भिंतीला धरत, थांबत, पाय लांब लांब टाकत ती दारापर्यंत आली. चपलेत पाय घालायला तिला खूप वेळ लागला. अंगठा पट्ट्यात जाईना. भय्यासाहेब बघत राहिले. वाकले नाहीत, पण खुर्ची मागे सरकवली.

बाहेर रिक्षा उभी होती, मी आत बसलेलो होतो. समोरची बाई झाडू हातात घेऊन थांबली. "कहाँ चलीं भाभीजी? मालिश करवाने?"

सुनंदानं तोंड उघडलं. विनोदिनीनं तिच्या दंडावर हात ठेवून तिला गप्प केलं. आणि स्वतः बोलली. शब्द लोळागोळा होऊन बाहेर पडले. त्या बाईला काही कळलं नाही. ती "हाँ हाँ" म्हणून हसली, जसं लहान पोराला हसतात.

विनोदिनी हलली नाही. रिक्षाच्या दांड्याला धरून उभी राहिली, ओठ पुसले आणि पुन्हा म्हणाली, एकेक शब्द ओढून काढत. "दि-माग के. डॉक्टर. के पास."

बाईचं हसू गेलं. झाडू तसाच हातात. ती आत निघून गेली.

विनोदिनी रिक्षात माझ्या शेजारी बसली. तिला धाप लागली होती, साडीचा पदर लाळेनं ओला झाला होता. सुनंदा पलीकडून चढली आणि तिनं रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.